दिवा विझला, दोष राहिला

शास्त्रपाठ : यिर्मया ३६:२०-३२



कोलकात्याच्या दक्षिण भागात बेहाला ही दाट वस्ती आहे. डायमंड हार्बर रोड तिच्या मधून जातो. पावसाळ्यात तेथील गल्ल्यांत पाणी साचते आणि एरवीही गर्दीमुळे वाहने थांबत थांबत पुढे सरकतात. अशा रस्त्यावर रोज धावणाऱ्या एखाद्या लहान मोटारीत चालकासमोर पिवळा दिवा लागतो. त्यावर इंजिनाचे चित्र असते. गाडी चालत असते, आवाजही नेहमीचाच असतो. पण दिवा काही विझत नाही.

१९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिला कार्ब्युरेटर होता. तिचे दुखणे मेकॅनिक कानाने आणि नाकाने ओळखत असे. आजच्या गाडीत एक छोटा संगणक इंधन, हवा, ठिणगी व धुरातील प्राणवायू यांवर लक्ष ठेवतो. काही बिघडले की तो एक सांकेतिक क्रमांक नोंदवतो व दिवा लावतो. मेकॅनिक गाडीला स्कॅनर जोडून तो क्रमांक वाचतो.

येथे दोन वाटा फुटतात. एक वाट दोष शोधण्याची. ती वेळखाऊ असते. दुसरी वाट नोंद पुसून टाकण्याची. स्कॅनरची एक कळ दाबली की दिवा विझतो आणि मालक समाधानाने घरी जातो. परंतु दोष तसाच राहिला असेल, तर काही फेऱ्यांनंतर संगणकाला तो पुन्हा आढळतो व दिवा पुन्हा लागतो.

यहूदाचा राजा यहोयाकीम याने ही दुसरी वाट धरली. थंडीचे दिवस होते. राजापुढे शेगडी पेटलेली होती. यिर्मयाने सांगितलेली व बारूखाने लिहिलेली गुंडाळी वाचली जात होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि शेगडीत टाकी. तिघा सरदारांनी त्याला विनवले, पण त्याने ऐकले नाही. त्याचा पिता योशीया याने नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकून आपली वस्त्रे फाडली होती (२ राजे २२:११). पुत्राने वस्त्रे राखली आणि ग्रंथ फाडला.

गुंडाळी जळाली म्हणून दोष जळाला काय? दोष गुंडाळीत नव्हताच. लोकांकडून फुकट राबवून घेऊन, त्यांची मजुरी बुडवून राजा आपला महाल वाढवीत होता (यिर्मया २२:१३). म्हणून देवाने दुसरी गुंडाळी लिहवून घेतली. तीत पहिलीतील सर्व वचने होती, आणि तशाच पुष्कळ वचनांची भर पडली.

आपल्या अंतर्यामीही असा दिवा आहे. नव्या करारात त्यासाठी 'सुनैदेसिस' हा ग्रीक शब्द येतो. त्याच्या घडणीत 'सोबत जाणणे' हा अर्थ आहे. मी काय केले हे माझ्यासोबत माझ्याच आत कोणी तरी जाणतो, असे तो शब्द सुचवतो. मराठीत आपण 'सदसद्विवेकबुद्धी' म्हणतो. जुन्या करारात 'हृदय' या शब्दानेच हे काम भागवले आहे. शौलाच्या झग्याचा काठ कापल्यावर दाविदाला त्याचे हृदयच टोचू लागले (१ शमुवेल २४:५).

मात्र दिवा दिसताच घाईने निदान करणेही बरे नव्हे. 'पी ०४२०' हा क्रमांक सांगतो की, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपुरे काम करीत आहे. तो महाग भाग लगेच बदलणारे पुष्कळ आहेत. जाणता मेकॅनिक आधी धुराच्या नळीला गळती आहे काय, इंजिन 'मिसिंग' करते काय, प्लग, कॉइल व तारा ठीक आहेत काय, हे पाहतो. क्रमांक दुखण्याची जागा दाखवतो. कारण शोधावेच लागते. आपणही मन बोचू लागले की मोठी देणगी देतो, कडक उपास धरतो. महाग भाग बदलतो. पण गळती असते ती दुखावलेल्या भावाशी न केलेल्या समेटात. म्हणूनच प्रभूने अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले (मत्तय ५:२३-२४).

आणखी एक गोष्ट. कधी कधी सेन्सरच नादुरुस्त असतो आणि निर्दोष इंजिनावर ठपका ठेवतो. काही भाविक जीव असेच आयुष्यभर क्षमा झालेल्या पापाखाली कण्हत राहतात. त्यांच्यासाठी योहान लिहितो की, आपले हृदय आपल्याला दोषी ठरवीत असले, तरी देव त्याहून थोर आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे (१ योहान ३:२०). विवेक हा दिवा आहे, न्यायाधीश नव्हे. न्यायाचे आसन त्याचे आहे, ज्याने आपल्यासाठी वधस्तंभ सोसला.

परंतु दिवा लुकलुकू लागला तर? तेव्हा इंजिनात न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होण्याची भीती असते. गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबवावी. काही पापेही अशीच थांबायला सांगतात, उद्यावर टाकू देत नाहीत.

वाचकहो, घरी राबणाऱ्या बाईचा पगार थकला आहे काय? वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर बहिणीची सही कशी घेतली, हे आठवून मन चाळवते काय? विकायला काढलेल्या वस्तूचा दोष गिऱ्हाइकापासून झाकला आहे काय? त्या दिव्याकडे पाहा. चाकू खाली ठेवा. स्तोत्रकर्त्याप्रमाणे देवालाच विनवा की, त्याने आपले हृदय पारखून आपल्याला सनातन मार्गाने चालवावे (स्तोत्र १३९:२३-२४). तो दोष दाखवतो, कारण त्याला आपल्याला मोडीत काढायचे नाही, दुरुस्त करायचे आहे. आमेन.