ओल्या पायांची वाट

घर बांधून झालं, रंग झाला, कंपाउंडची भिंतही उभी राहिली, की शेवटी उरते ती घर आणि भिंत यांच्यामधली तीन-चार फुटांची पट्टी. तोवर पैसे संपत आलेले असतात. गवंड्याला पुढच्या कामाची घाई, घरच्यांना वास्तुशांतीची. मग कुणीतरी म्हणतं, 'घालून टाका कोबा.' ज्यांच्या गाठीला पैसे उरलेले असतात ते दुकानात जाऊन फरशीचा रंग निवडतात. पण त्या पट्टीतून माणसांआधी पाणी चालणार आहे, हे दोघांच्याही डोक्यात नसतं.

साधा हिशेब आहे. 3 फूट रुंद आणि 40 फूट लांब पट्टीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 1,100 लिटर पाणी होतं. छपराचं पाणी वेगळंच. रत्नागिरीकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तिथे असा दिवस नवलाचा नाही. पन्हळ नसलेल्या कौलारू घराच्या कडेला पाहा: पागोळ्या पडतात तिथे मातीत एका ओळीत खळगे झालेले असतात, कौलांच्या नाळी तेवढे खळगे. नेमक्या त्या ओळीवर गुळगुळीत फरशी आली की खळगे बुजतात, पण पाणी उसळून भिंतीवर जातं. जोत्याच्या वर हातभर ओल चढते, दिवाळीच्या सुमारास तिथले पोपडे निघतात आणि शिव्या रंगाऱ्याला बसतात. त्याच ओळीत जाड खडी किंवा नदीचे गोटे पसरले, तर थेंब तिथेच फुटतो आणि पाणी खाली मुरतं. खर्चही फरशीहून कमीच.

आता दगड. बाजारात सहज मिळणारे तिघे म्हणजे कलबुर्गीकडची शहाबादी, आंध्रातला कडप्पा आणि राजस्थानातला कोटा. तिन्ही चुनखडकाच्या जातीचे. घरात ते उत्तमच, पण पॉलिश केलेला कोटा पावसात बाहेर टाकणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याशी खेळ. शेवाळ धरलं की लोक अ‍ॅसिड ओततात. चुनखडकाला अ‍ॅसिड खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढल्या वर्षी शेवाळाला आणखी चांगली जागा मिळते. बिनपॉलिशची, नैसर्गिक पृष्ठभागाची शहाबादी मात्र मला बाहेरच्या वाटेला आवडते. फिकट राखाडी असल्याने मे महिन्यात अनवाणी पाय टेकवता येतो. काळ्या कडप्प्यावर तेही धाडस होत नाही.

कोकणात जांभ्याला तोड नाही, असं म्हणायची रीत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण होणारा हा दगड. त्याच्या भोकांमुळे पाय धरून राहतो. उतारावरच्या जुन्या पाखाड्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या याच दगडावर. पण त्याच भोकांत ओल राहते, शेवाळ बसतं; पावसाळ्यात खराट्याने घासत राहावं लागतं. आणखी एक गोष्ट कुठलाही दुकानदार सांगणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप मुबलक, आणि जांभ्याच्या तांबूस-करड्या रंगावर तो रात्री विजेरीच्या उजेडातही चटकन दिसत नाही. परसातल्या वाटेवर मधूनमधून फिकट फरशी टाकणं तिथे शोभेचं काम नाही.

घाट चढून देशावर आलं की गणित बदलतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर घातलेला कोबा दोन-तीन वर्षांत भेगाळला तर सिमेंटला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे थोडी माती काढून मुरूम चोपावा, वर वाळूचा थर द्यावा आणि त्यावर सुटे दगड किंवा पेव्हर ब्लॉक बसवावेत. जमीन हलली की ते थोडे हलतात, फुटत नाहीत. पेव्हर ब्लॉकवर मात्र सगळ्यांचाच राग आहे. माथेरानच्या तांबड्या रस्त्यांवर ते बसवावेत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोड्यांचे पाय त्यांवर घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार होती. शहरातल्या फुटपाथांवर ते उखडलेले दिसतात. तिथे बहुतेक वेळा खालचा थर नीट चोपलेला नसतो आणि कडेला बांध नसतो.

सुट्या दगडांच्या बाजूने माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. याच पट्टीखालून पाण्याची पाइपलाइन जाते, ड्रेनेजचे चेंबर असतात, कधी विजेची केबल असते. यातलं काहीतरी एक दिवस गळणार किंवा तुंबणार. कोबा असेल तर ब्रेकर आणावा लागतो, आणि नंतरचं ठिगळ जन्मभर दिसतं. सुटा दगड पहारीने उचलला, काम झालं, परत ठेवला. सिंधुदुर्गात पाऊस संपला की घरापुढचं खळं दरवर्षी नव्याने चोपून सारवायची रीत आहे. जमिनीचं काम एकदाच करून मोकळं होता येत नाही, हे त्या लोकांनी कटकट न मानता गृहीत धरलेलं आहे. आपल्याला मात्र एकदाच खर्च करायचा असतो आणि मग जमिनीकडे बघायचंही नसतं. कोबा खपतो तो या हव्यासावर.

दगड कुठलाही घ्या, उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हवा. तीन फुटांच्या रुंदीत पाऊण इंच पुरे. गवंडी हे अंदाजाने करतो म्हणाला, तर लेव्हलची नळी लावायला सांगा आणि स्वतः उभे राहा. सांधे सिमेंटने भरू नका. बारीक खडी भरा, पाण्याला वाट मिळेल. आणि दगडाचे पैसे देण्याआधी नमुन्याचे दोन तुकडे घरी आणा, त्यांवर साबणाचं पाणी ओता आणि घरातली रोजची झिजलेली स्लिपर घालून त्यांवर उभे राहून पाहा. पाय सरकला, तर रंग कितीही आवडला असला तरी तो दगड परत करा.