शेकडा एकाचे गणित

दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन पाळला जातो, आणि अलीकडे आपल्याकडेही त्या निमित्ताने प्रभातफेऱ्या निघतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात, पुठ्ठ्याची वाकडी चोच लावलेली मुले जटायुवधाचा प्रवेश करून दाखवतात व आभारप्रदर्शन होऊन मंडळी चहाकडे वळतात. या समारंभांचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. जो पक्षी घरावर बसला तर शांत करावी लागते अशी समजूत होती, त्याच्या नावाने गावात उत्सव व्हावा हा पालट सामान्य नव्हे. परंतु जागृती कोणाची करावयाची आणि ती किती झाली म्हणजे पुरी झाली असे मानावयाचे, हा प्रश्न त्या मंडपात सहसा कोणी विचारीत नाही.

गिधाडांच्या संहाराची हकीकत आता बहुश्रुत आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील पक्षी माना टाकून मरत आहेत हे पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात प्रथम नोंदविले. 1992 ते 2007 या अवघ्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारी नऊशे नव्व्याण्णव या प्रमाणात नाहीशी झाली. आणि गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, त्या गुरांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 साली सिद्ध झाले. मेलेल्या पक्ष्याचे पोट फाडले असता यकृतावर व हृदयावर चुन्याचा हात फिरवावा तशी युरिक आम्लाची पांढरी पुटे आढळत. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते ती अशी की, इतका विध्वंस घडण्यास शंभर शवांतील एकाहूनही कमी शव विषारी असणे पुरेसे होते, असे अभ्यासकांचे गणित सांगते. एका शवावर शेकडो पक्षी उतरतात आणि जोडप्याला वर्षाकाठी एकच अंडे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या गणिताचे नवल वाटत नाही.

साक्षरतेचा प्रसार निम्म्या गावात झाला तर निम्मे गाव शहाणे होते; येथे मात्र शंभरांतील नव्व्याण्णव गोपालकांनी डायक्लोफेनॅक टाळण्याचा उपदेश मानला आणि एकाने मानला नाही, तरी सारे कष्ट वाया जाण्याचा संभव राहतो. त्या एकाला दोष तरी काय द्यावा? पेरणी तोंडावर आलेली, बैल लंगडतो आहे, आणि एका सुईने तो दुसऱ्या दिवशी उभा राहतो. सरकारने 2006 साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्यांचे आकारमान तीन मिलिलिटरवर आणावे लागले. आणि किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक या गिधाडांना तशाच घातक वेदनाशामकांच्या बंदीची पाळी 2023 साली आली. फर्मान निघणे आणि अंमल होणे यांतले अंतर औषधाच्या दुकानात मोजावे लागते, शाळेच्या पटांगणात नव्हे.

उत्सवाने काम होतेच नाही असे नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथील कासव महोत्सव पाहण्यास लोक मुंबई-पुण्याहून जातात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, पैसे देतात. पण समुद्राकडे धावणारे पिल्लू पाहून कोणाचेही मन द्रवते. कुजत्या शवात मान खुपसलेल्या पक्ष्यासाठी कोण मुक्कामाला येईल? म्हसळा तालुक्यातील चिरगावचे उदाहरण म्हणूनच मला अधिक मोलाचे वाटते. तेथे महाडच्या सीस्केप या संस्थेने वनखात्याच्या व गावाच्या साह्याने उंच झाडांवरील घरटी राखली आणि मेलेली जनावरे ठराविक जागी गिधाडांसाठी टाकण्याची वहिवाट पाडली.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. पूर्वी गावात गिधाडांची चंगळ असे, असे आपण हळहळून सांगतो. पण मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम हाडकी-हाडवळ्याच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात कोणाच्या माथी मारले होते, हे सांगण्याचे टाळतो. ज्या महाडात ही संस्था काम करते, त्याच महाडात 1927 साली डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला. ती जुनी व्यवस्था मोडली हे न्यायाचेच झाले, आणि गिधाडांच्या नावाने तिचे गोडवे गाणे हा मला अपराध वाटतो. शव उचलण्याचे काम यापुढे ग्रामपंचायतीने वाहन व योग्य वेतन देऊन करविले पाहिजे.

तेव्हा पुढील सप्टेंबरात आपल्या गावी असा कार्यक्रम ठरला, तर संयोजकांस एवढीच विनंती आहे : पहिले आमंत्रण गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना द्यावे, आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध तालुक्यात कोणत्या दुकानी व किती किमतीस मिळते, ते चावडीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावे.