उसना उजेड

चित्रपटातील प्रकाश खरा असावा लागतो काय, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु ज्या मोजक्या छायालेखकांनी तो मनावर घेतला, त्यांना तो सचोटीचा प्रश्न वाटला. सुब्रत मित्र हे त्यांपैकी एक. ‘पथेर पांचाली’च्या (१९५५) कामास आरंभ झाला, तोपर्यंत त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधीच हाताळलेला नव्हता. ज्याँ रेन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’चे चित्रीकरण करीत असताना बाजूला उभे राहून केलेले निरीक्षण, हेच काय ते त्यांचे शिक्षण.

‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी पेच उभा राहिला. काशीतील घराचे अंगण उघड्यावर उभारण्याचा मूळ बेत पावसाच्या धास्तीने सोडावा लागला आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले. मित्रांनी हरकत घेतली. चारी बाजूंनी भिंती आणि वर आभाळाचा तुकडा, अशा अंगणात उजेड झिरपत येतो. त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतल्या दिव्यांनी तो साधणे अशक्य, असे त्यांचे म्हणणे होते. सत्यजित राय आणि चंद्रगुप्त यांच्यापुढे ते टिकले नाही. तेव्हा मित्रांनी देखाव्याच्या माथ्यावर पांढरे कापड ताणून बसविले आणि दिव्यांची तोंडे पात्रांकडे न ठेवता त्या कापडाकडे वळविली. कापडावरून परतलेला उजेड सर्वजयेच्या अंगणात उतरला, तो थेट आभाळातून आल्यासारखा.

खोटेपणाला हरकत घेणाऱ्यानेच अधिक निर्दोष खोटे रचले, असे यावर कोणी म्हणेल. आणि ते सर्वस्वी चूक नाही. मात्र या न्यायाने पाहू गेल्यास ही कलाच मुळातून संशयित ठरते. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रित केली आणि पडद्यावर ती काही क्षणांत दाखविली. त्या वेगाने जगात कोणताही वाटाणा वाढत नाही. तरीही रोप वाढते म्हणजे काय होते, हे डोळ्यांना कळले ते त्या वेगामुळेच.

‘कागज़ के फूल’मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्ती यांनी याच्या उलट वाट धरली. त्यांनी आरशांच्या साह्याने प्रत्यक्ष सूर्यप्रकाश स्टुडिओत आणला आणि त्याचा तो प्रसिद्ध झोत अंधार चिरीत सोडला. तेथे ऊन अस्सल आहे, पण पाहणाऱ्याला ते स्वप्नातले वाटते. काशीच्या अंगणात दिवे नकली आहेत आणि सकाळ खरी वाटते. उजेडाचा उगम शोधून त्याच्या खरेपणाचा निवाडा करू पाहणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

मित्रांच्या कापडाने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच अधिक मोलाची म्हणावी लागेल. स्टुडिओच्या रूढीनुसार नायिकेच्या केसांमागून एक दिवा, चेहऱ्यावर एक दिवा, असा उजेड माणसांमाणसांत भेद करी. कोणाकडे पाहावे, हे प्रकाशयोजनाच बजावी. काशीच्या अंगणातील उजेड असा पक्षपात करीत नाही. भिंतीचा ओलसर पोपडा, पाण्याचे भांडे आणि स्वयंपाकात गुंतलेली स्त्री यांवर तो सारखाच पडतो. दारिद्र्य देखणे करून दाखविल्याचा आक्षेप राय यांच्या चित्रपटांवर पुढे अनेकदा घेतला गेला. तो या दृश्यांना लागू होत नाही, असे निःशंकपणे म्हणता येत नाही. कारण मऊ उजेडात सुरकुत्याही मऊ होतात, आणि हेच तंत्र पुढे साबणाच्या जाहिरातींनीही बिनदिक्कत उचलले. अवजाराला स्वतःचे शील नसते. सर्वजयेच्या चेहऱ्यावर तो उजेड उपकार करण्यासाठी आलेला नाही, एवढे मात्र पाहताना जाणवते.

याच चित्रपटाच्या उत्तरार्धात आजारी सर्वजया रात्री मुलाची वाट पाहते. गाडीचा आवाज येतो, ती दारापर्यंत जाते. बाहेर कोणी नाही, तळ्याकाठी काजवे तेवढे लुकलुकत आहेत. काजव्यांचा उजेड फिल्मवर उमटण्याइतका प्रखर नव्हता. म्हणून चित्रपथकातील काही जणांनी काळे कपडे चढविले, हातात तार जोडलेले लहान बल्ब धरले आणि अंधारात हात फिरवीत ते क्षणाक्षणाला पेटविले, विझविले. पडद्यावर त्यांतील एकही माणूस दिसत नाही. सर्वजया त्या ठिपक्यांकडे पाहत उभी राहते.