स्वाराचा तोल, घोड्याची पाठ

नांदेडहून लातूरकडे निघालात की लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजारही. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा घोड्याला मान असणारच! गिऱ्हाईक दात बघून वय ठरवते, रंग बघते, चाल बघते. ऐटीत बसलेल्या स्वाराला दादही देते. ऐट मैदानात खपून जाते. बालाघाटाच्या डोंगरवाटेवर तिचा काही उपयोग नसतो.

चढावर कमरेतून थोडे पुढे झुकायचे, म्हणजे घोड्याची पाठ मोकळी राहते. उतारावर अंग सरळ, टाचा खाली, नजर लांबच्या वाटेवर. ऐकायला सोपे आहे. पण मुरमावर खूर जरासा निसटला की नवशिका आधी लगाम ओढतो. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याला असते. आधार आपण शोधतो, कळ त्याच्या जबड्यात जाते. तो मान वर झटकतो, पायाखालची वाट त्याला नीट दिसेनाशी होते आणि मग खरोखरच अडखळतो. हात आवळल्याशिवाय राहवत नसेल तर आयाळ धरावी.

पडणारा स्वार सगळ्यांना दिसतो. वाकडा बसलेला, पण न पडणारा स्वार कोणाच्या लक्षात येत नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. एका अंगावर जड बसायची सवय आपल्याला खुर्चीपासूनच लागलेली असते. खोगीर हळूहळू त्या बाजूला सरकते, तंग आणखी आवळला जातो, आणि खाली कातडी सोलवटत राहते. स्वार मात्र ‘आपला तोल उत्तम आहे’ या समाधानात घरी पोचतो. घरातही असेच चालते. कर्ता पुरुष निवांत बसलेला दिसतो, तेव्हा त्याचा कललेला भार बायको किंवा धाकटा भाऊ मुकाट्याने पेलत असतो.

खोगिराची खोल जखम भरली तरी तिथे पुष्कळदा पांढरे केस उगवतात. गडद रंगाच्या घोड्यावर ते लगेच ओळखू येतात. यंदा माळेगावला घोडा बघायला गेलात तर चाल बघाच, पण सौदा करण्याआधी खोगीर उतरवायला सांगा आणि पाठीवरून हात फिरवा.