बत्तीस पानांचं पुस्तक

अमरावती

चि. बेटा,



तुझ्या अकोल्यातल्या संध्याकाळच्या वर्गाची हकीकत वाचली. शिवणकाम करणाऱ्या बाया, कृषी केंद्रावर हिशेब ठेवणारा एक जण, दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी, डाळमिलमधले दोघे-तिघे. सगळे तिशी ओलांडलेले आणि सगळ्यांना इंग्रजी हवंय. चांगलं पुस्तक घ्यायला गेलीस तर एकेकाची किंमत चारशे-पाचशेच्या घरात. ‘आबा, देणगी गोळा करू का?’ असं विचारलंयस.

नको करू. पुस्तकाची छापील किंमत हा खर्चाचा लहान भाग आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे पाऊण तास असतो आणि त्या पाऊण तासात त्याला न लागणारं पान वाचायला लावलं, तर ते पान फुकट मिळालेलं असलं तरी महागच पडतं. म्हणून माझं सांगणं एवढंच : पुस्तक स्वस्त करायचं तर आधी त्यातून काय काढून टाकायचं ते ठरव.

तुझ्या वर्गातले लोक असे का आहेत, तेही ध्यानात घे. आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे तुझ्या वर्गातल्या बहुतेकांची एबीसीडीशी गाठ दहा-अकराव्या वर्षी पडली आणि ज्यांची शाळा सातवी-आठवीत सुटली, त्यांची दोन-तीन वर्षांत तुटलीही. हे लोक अडाणी नाहीत. व्यवहार, हिशेब, माणसं ओळखणं यांत ते तुझ्या-माझ्या पुढे आहेत. त्यांच्या हाती ‘ॲपल’ आणि ‘बॉल’ची चित्रं दिलीस तर ते मान खाली घालून गिरवतील आणि पुढच्या आठवड्यापासून येणार नाहीत.

मोठ्या माणसांना स्वस्तात इंग्रजी द्यायची खटपट आपल्याकडे नवी नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत ‘तर्खडकर कोळून प्यायलाय’ असं म्हटलं की माणसाला इंग्रजी येतं हे वेगळं सांगावं लागत नसे. भाषांतर पाठमालेचे ते तीन भाग. नियम मराठीत, शब्द दिलेले आणि वाक्यं भाषांतराला. मास्तर परवडत नाही त्यानं घरी बसून शिकावं अशी सोय. त्या पुस्तकानं वाचायला, लिहायला शिकवलं. बोलायला मात्र फारसं नाही. पुढे दिल्लीच्या पुस्तक महलचा ‘रॅपिडेक्स’ आला. साठ दिवसांचा कोर्स आणि जाहिरातीत कपिल देव. बसस्टँडवरच्या टपरीतही तो मिळायचा. त्यात संभाषणं भरपूर होती, पण सगळ्या देशाला एकच पुस्तक पुरवायचं म्हटल्यावर त्यातलं गिऱ्हाईक आणि दुकानदार कुठल्याच गावचे नसत.

तिसरी वाट सरकारी पैशाची. ब्रिटिश सरकारच्या मदतीनं 1960 च्या दशकापासून ‘ईएलबीएस’ या खुणेची पुस्तकं आपल्याकडे अगदी कमी किमतीत येऊ लागली. हॉर्नबीचा इंग्रजी शब्दकोश आमच्यासारख्या मास्तरांच्या हाती पडला तो त्यामुळेच. ती मदत 1990 च्या दशकात थांबली आणि त्यासोबत ती पुस्तकंही. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी राहिलेली स्वस्ताई तिजोरी बंद झाली की संपते. देणगीचं मनातून काढून टाक म्हणतो ते याचसाठी.

दोन सोयी मात्र अजून आपल्या दारात आहेत. पुण्यात 1967 साली बालभारती स्थापन झाली. एकेका पुस्तकाच्या लाखो प्रती छापायच्या म्हणून तिला किंमत खाली ठेवता येते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर विभागीय भांडारांची यादी असते, त्यात आपल्या अमरावतीचंही नाव आहे. शिवाय पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात. दुसरी सोय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, 1989 सालची. तिथं पुस्तकं फीमध्येच धरलेली असतात आणि विभागीय केंद्र अमरावतीत आहे. तुझ्या वर्गातल्या कुणाला पुढे पदवी घ्यावीशी वाटली, तर ती वाट दाखव. पण बालभारतीचं पुस्तक मुलांसाठी आहे आणि मुक्त विद्यापीठाचं परीक्षेसाठी. तुझ्या माणसांना दवाखान्यातली चिठ्ठी वाचायचीय. ती जागा रिकामीच आहे आणि तिथं तुलाच लिहावं लागेल.

लिहायचं म्हटल्यावर घाबरू नको. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी 1920 च्या सुमारास बंगालमध्ये, ढाक्याला होता. त्याच्या लक्षात आलं की मुलं शाळा लवकर सोडतात आणि तोवर शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना काहीच उपयोग होत नाही. त्यानं उलटा विचार केला : मधेच सोडलं तरी हाती काहीतरी राहील असं शिकवायचं. त्यासाठी शब्द मोजून घ्यायचे, नेहमी लागणारे आधी आणि क्वचित लागणारे मागाहून. पुढे 1953 साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची यादी निघाली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द तेवढ्यात येतात, असं मानलं जातं. ढाक्यातल्या गळणाऱ्या मुलांसाठी केलेला हा विचार तुझ्या वर्गालाही लागू पडतो. कुणाची सोयाबीनची सोंगणी निघेल, कुणाच्या घरी लग्न निघेल. प्रत्येक आठवडा स्वतःत पुरा हवा.

मजकूर तुझ्या अवतीभवती पडलेला आहे. औषधाची पट्टी घे : कधीपर्यंत चालेल, कुठं ठेवायचं, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, हे सगळं तिच्यावर असतं. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्यासोबत ‘पॉयझन’, निळ्यासोबत ‘डेंजर’, हिरव्यासोबत ‘कॉशन’. एवढ्या तीन शब्दांवर पूर्ण पाठ होतो, कारण विष, धोका आणि सावधगिरी यांतला फरक वावरात फवारणी करणाऱ्याला तुझ्याआधी कळतो. 2017 च्या हंगामात यवतमाळकडे फवारणीतून विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच होती, एकट्या भाषेवर खापर फोडणं बरोबर नाही. पण डब्यावरचं वाचता येणं ही चैन नव्हे, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

ऐकण्यासाठी सगळ्यांना अकोला स्टेशनावर पाठव. तिथं एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, किती उशिरानं हे मराठीत समजलेलं असतं, त्यामुळं इंग्रजी ऐकताना कान नेमका शब्द पकडतो. मोबाइलवर ऐकवायचं असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिकेचे जुने सोपे कार्यक्रम शोध. 1959 पासून त्यांनी सुमारे दीड हजार शब्दांत, सावकाश वाचलेल्या बातम्या दिल्या. त्यांनी स्वतः तयार केलेला मजकूर कुणालाही वापरायला मोकळा आहे.

आता झेरॉक्सबद्दल. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आणखी एका प्रकाशकानं 2012 साली दावा केला होता. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला : शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांची नक्कल हा कॉपीराइटचा भंग नाही. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागं घेतला. मोठा निकाल आहे. पण तुझा वर्ग म्हणजे विद्यापीठ नव्हे. त्या निकालाच्या आडोशानं अख्खं पुस्तक पाठपोट काढून वाटू नको. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की आपल्या कायद्यानं त्याचं लिखाण सर्वांचं होतं. असं जुनं बिनधास्त घे. बाकीचं स्वतः लिही. तुझ्या मिलवाल्याची पाळी, त्याचा पगार, मुकादमाशी रजेचं बोलणं हे कुठल्या प्रकाशकाकडे मिळणार नाहीच.

छपाईचं गणित सोपं आहे. ए-फोर कागद मधून दुमडला की चार पानं होतात. आठ कागद पाठपोट काढले, मधे दोन पिना मारल्या की बत्तीस पानांची पुस्तिका. एका बाजूला रुपया-दोन रुपये धरले तर सोळा ते बत्तीस रुपये. प्रती जास्त हव्या असतील तर शाळांच्या प्रश्नपत्रिका रिझोग्राफवर काढून देतात तिथं विचार, आणखी खाली येईल.

त्या बत्तीस पानांत एक गोष्ट मुद्दाम अर्धवट सोड. शब्दांच्या तक्त्यात इंग्रजी शब्द छाप, उच्चार आणि अर्थाचे रकाने कोरे ठेव. अकोल्यात तुझ्या वर्गात उर्दू शाळेत शिकलेल्या बाया येणारच. त्या अर्थ उर्दूत लिहितील, दुसरी देवनागरीत लिहील, कुणी आपल्या वऱ्हाडीत लिहील. एकाच छपाईत सगळ्यांची सोय होते, आणि जी पुस्तिका माणसानं आपल्या हातानं भरली ती तो रद्दीत घालत नाही.

विकत घ्यायचंच असेल तर वर्गात मिळून एक बरा इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि तुझ्यासाठी व्याकरणाचं एक जाड पुस्तक घे. ते तू वाच, त्यांच्या डोक्यावर ठेवू नको. तेही आधी सार्वजनिक वाचनालयात पाहा. आपल्या राज्यात 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत आणि वाचकानं मागणी नोंदवली तर खरेदीच्या यादीत पुस्तक येऊ शकतं. अर्ज कुणाला लिहायला लावशील? वर्गालाच. मराठीत एक, इंग्रजीत एक.

पुस्तिका फुकट मात्र देऊ नको. खर्च येईल तेवढाच घे, हवं तर दोन हप्त्यांत घे. कमावत्या माणसाला दान घेताना अवघडल्यासारखं होतं, आणि विकत घेतलेल्या पुस्तिकेत चूक सापडली तर तो तुला हक्कानं सांगतो. त्या चुकांवरून दुसरी आवृत्ती सुधार. जमलेल्या पैशातून ती छापली गेली की देणगीचा प्रश्न आपोआप मिटला.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला विचार की गेल्या महिन्यात इंग्रजीमुळं नेमकं कुठं अडलं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे, त्यांतली आठ निवड आणि प्रत्येकावर चार पानं लिही. कच्चं लिखाण मला पाठव. डोळे अजून शाबूत आहेत, लाल पेनही आहे. एकही वाक्य गरजेपेक्षा लांब दिसलं तर कापीन, तेव्हा रागावू नको.

तुझा,
आबा