कडबा, गोवरी, भाकरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिकवणाऱ्या घरी एव्हाना गोठा झाडून झालाय, धार काढून झालीय, चूल पेटलीय. परातीत ज्या मालदांडी ज्वारीचं पीठ आहे, तिचाच कडबा दावणीची गाय खातेय आणि त्या गाईच्या शेणाची गोवरी चुलीत जळतेय.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून कढत पाणी घालायचं, तळव्यानं रगडून मळायचं आणि एकेक भाकरी थापायची. पिठाची विरी, म्हणजे बांधून धरायची ताकद, गेली असेल, तर थापतानाच ती चिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यापुढे उभी करायची. टम्म फुगून पापुद्रा सुटला की जमली.

एवढं कौशल्य भाकरी थापणारी माउली रोज पहाटे वापरते. पुढे खुरपणीलाही तीच असते. सातबाऱ्यावर मात्र बहुतेक वेळा तिचं नाव नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. मला ते फार मोठं काम वाटतं. आज आपल्या घरचा उतारा काढून बघा. घरच्या बाईचं नाव नसेल, तर ते कसं लावायचं हे तलाठ्याला विचारून या.