बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

हिंगोली जिल्ह्यात कीर्तनाला बसणाऱ्याला औंढ्याच्या देवळातली कथा वेगळी सांगावी लागत नाही. विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले, नरसीचे नामदेव संतापलेले. म्हातारा म्हणतो, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवतात, तिथं तिथं पिंड उगवते. सोवळ्याच्या नियमाचा असा फज्जा उडाला की श्रोते खुशीत हसतात. मग घरी जाऊन आपापले नियम पाळतात.

पंडिता रमाबाईंचं बालपण अशाच नियमांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी करत. उपास, दानं, पुराणपठण, सगळं यथासांग. तरीही दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. भावासोबत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. गंमत अशी, की तिथंच धर्मशास्त्रं वाचताना त्यांना कळलं, स्त्री म्हणून आपल्याला मोक्षाचा स्वतःचा असा मार्गच नाही.

पुढे इंग्लंडात वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना त्यांनी लंडनजवळ फुलहॅमला ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चाललेलं काम पाहिलं. या बायकांची इतकी काळजी का घेता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली: परजातीची, पाच नवरे झालेली बाई, तिच्याकडे येशू प्यायला पाणी मागतो. पाणी कोणाच्या हातचं चालतं यावर पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या घरातल्या मुलीला त्या मागण्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नसेल. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण नव्या घरातही नियम होतेच. कोणता मतांगीकार म्हणायचा, कोणत्या पंथाच्या सभेला जायचं नाही, गळ्यातल्या क्रुसावर काय कोरायचं. लॅटिन अक्षरांचा क्रूस रमाबाईंनी नाकारला. लॅटिन तेवढी पवित्र आणि संस्कृत नाही, असं का? वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत आणि त्याच आजीबाईंशी पत्रांतून कडाडून वाद घालत. एका पुरोहितशाहीचं जू उतरवून दुसरीचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. मांसाहार त्यांनी तिथंही केला नाही, आणि त्यामुळे आपल्या श्रद्धेला उणेपणा येतो असंही मानलं नाही.

1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जी कबुली दिली ती या वादांहून धीट आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की ख्रिस्ती धर्म आपल्या हाती आलाय, ख्रिस्त नाही. तोवर त्या विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, चालवत होत्या, देशोदेशी नावाजल्या गेल्या होत्या. सनातन्यांच्या लेखी तर त्या केव्हाच ‘बाटल्या’ होत्या. हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कोणाबरोबर जेवलात, कोणाचं पाणी प्यालात, एवढंच तो मोजतो. माणसाचं आणि देवाचं काय झालं, हे विचारत नाही.

असं मोजमाप न करणारा आणखी एक ख्रिस्ती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही. टिळकांनी पत्नीचं सोवळंओवळं सांभाळलं, सक्ती केली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी काढली. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिच्यात जागा होती.

म्हणून देवाशी नातं नियमांपेक्षा सोपं, असं मात्र कोणी समजू नये. नियमाला निदान शेवट असतो. एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना जेवू घालणं असं सुटणारं नव्हतं. तिथंच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अन् बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. भागवत मुखोद्गत असलेल्या या पंडितेने ते करताना संस्कृत शब्द हट्टाने बाजूला ठेवले, कारण समोर अक्षरओळख नुकतीच झालेल्या खेड्यातल्या बायका होत्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं.